मास्क कोण काढतं

३ सप्टेंबर

सव्वीस वर्षं मी सरहद्दीच्या जकात नाक्यावर दुसऱ्यांच्या पेट्या उघडतेय. आज माझ्याच घरात एक पेटी आली, आणि म्हणे ही उघडायची नाही, नुसती तोंडाला लावायची.

पावाच्या डब्याएवढं यंत्र. त्याला चार हात लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा रबरी मास्क आणि डोक्याला आवळायचे पट्टे. प्लोव्दिव शहरातल्या डॉ. तोनेवाबाईंनी तीन ठिकाणी सही घेऊन दिलं. त्यांच्या मते झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास थांबतो. तासाला एक्केचाळीस वेळा. चाळीस नाही, पन्नास नाही, एक्केचाळीस. खोटं बोलणारे नेहमी असाच खडबडीत आकडा सांगतात. ट्रकवाला 'एकोणीस खोकी' म्हणाला की मी विसावं शोधायला लागते.

हे सगळं सुरू केलं गेनचेव साहेबांनी. नाक्यावर ट्रकच्या पोटात काय आहे ते दाखवणारा जो क्ष-किरणांचा पडदा आहे, त्याच्यासमोर मी अकरा वर्षं बसले. ऑगस्टच्या शेवटी साहेबांनी बोलावलं. "दोनका, तुझे डोळे मिटतात तिथे. डॉक्टरला दाखव. तोवर दप्तराच्या खोलीत बस." माझ्या जागी दुसऱ्याच दिवशी ती नवी सेव्दा. कोणाची कोण आहे ते शोधायला हवं. साहेबांसारखंच नाक आहे तिचं.

अट अशी की महिन्याभरात सलग दहा दिवस तरी रोज निदान चार तास मास्क लावायचा. तरच डॉक्टरबाई पत्र देणार, तरच पडदा परत, आणि तरच गाडी चालवायची परवानगी. मी किती तास लावला हे त्यांना कसं कळणार, असं विचारलं. तर म्हणाल्या, यंत्र स्वतःच कळवतं.

म्हणजे घरात खबऱ्या आणून ठेवलाय.

४ सप्टेंबर

अकरा मिनिटं. घड्याळ समोर होतं.

पट्टे आवळले, कळ दाबली, नाकात वारा घुसला. श्वास आत घेणं सोपं, घ्यावाच लागत नाही, ते यंत्र कोंबतं. बाहेर सोडायला गेले तर पलीकडून कुणीतरी दार धरून उभं असल्यासारखं. मी ढकलते, तो ढकलतो. बोलायला तोंड उघडलं तर नाकातला वारा तोंडातून बाहेर, गाडीच्या टायरमधून निघतो तसा.

मेतोदी दारात उभा होता. "कसं वाटतंय?"

मी मास्क ओरबाडून काढला. "जिवंतपणी पुरल्यासारखं."

"पहिलाच दिवस आहे."

"तुला काय घाई आहे रे एवढी?"

माझा नवरा स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपतो, तीन वर्षं झाली. मी घोरते म्हणून, असं मी धरून चालले आहे.

६ सप्टेंबर

यंत्राच्या पोटात पाण्याची छोटी पेटी असते, हवा ओलसर राहावी म्हणून. ती रोज मेतोदी भरतो. मी सांगितलेलं नाही. औषधाच्या दुकानातून वाफ गार करून केलेलं शुद्ध पाणी स्वतः जाऊन आणतो. ज्या माणसाला लग्नाचा वाढदिवस तीस वर्षांत चारदा आठवला, त्याला हे पाणी रोज आठवतं.

वास घेतला. काही नाही. पेनाने पातळीची खूण केली, झाकणावर दोरा गुंडाळून मेण लावलं, जसं आम्ही कंटेनरला लावतो.

७ सप्टेंबर

सील शाबूत. म्हणजे एकतर तो निर्दोष आहे किंवा हुशार.

मास्क पन्नास मिनिटं.

८ सप्टेंबर

पोट वाऱ्याने फुगून ढोल झालं. दप्तराच्या खोलीत दिवसभर ढेकरा. तिथल्या बाईने खिडकी उघडली, आणि तीही उगाच मोठ्याने.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घाबरून हवा गिळताय तुम्ही. सुरुवातीचा दाब कमी करते, हळूहळू वाढत जाईल. आज रात्री बघा."

"मी यंत्र घेऊन प्लोव्दिवला येऊ?"

"कशाला? इथूनच करते. झालं सुद्धा."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं. माझ्या पलंगाशेजारच्या यंत्राचा वारा ती बाई दीडशे किलोमीटरवरून कमीजास्त करते! उद्या तिचं आणि गेनचेवचं साटंलोटं असेल तर?

दाब मात्र कमी झाला होता. पावणेदोन तास. हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे कोणी म्हणायला नको की दोनका एकतर्फी लिहिते.

१० सप्टेंबर

आता सांगते काय घडतंय ते. दोन दिवस लागोपाठ मी मास्क लावून झोपले. सकाळी उठले तर मास्क तोंडावर नाही. शेजारच्या तिवईवर. नळी गोल गुंडाळलेली, वर पट्ट्यांची घडी. मी गादीवरच्या चादरीची कधी घडी घालत नाही, झोपेत नळीची घालीन?

मेतोदी चाळीस वर्षं रेल्वेत केबिनमन होता. दोरी दिसली की गुंडाळतो.

चहाच्या वेळी सरळ विचारलं, "रात्री माझा मास्क कोण काढतं?"

"तूच काढतेस."

"आणि घडी?"

तो खाली बघू लागला. नाक्यावरचा पहिला धडा आहे, खोटं बोलणारा माणूस स्वतःचे बूट बघतो. मेतोदी तर घरात बूटही घालत नाही.

यंत्राच्या खात्यावर रात्रीचे दोन तास. म्हणजे चार तास होऊ द्यायचे नाहीत असा कुणाचा तरी डाव आहे.

१२ सप्टेंबर

वही सापडली.

लोणच्याच्या बरण्या उतरवायला माळ्यावर चढले होते. मिरच्यांच्या बियांच्या डब्यामागे रेल्वेची निळी वही. मेतोदीचं अक्षर. तारीख, आणि खाली रांगा:

१.१२ – ३४
१.१९ – २८
१.२५ – ५१ !!
१.३१ – ३७

पानंच्या पानं. शेवटची तारीख कालची. मागे मागे गेले तर पहिली तारीख तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली.

बाई असेल? पहिला आकडा फोनची वेळ, दुसरा किती मिनिटं बोलले ते? मेतोदी एकसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले, बोलायला लागला की तिसऱ्या वाक्याला रुळांवर घसरतो. अशी बाई असलीच तर तिची कीव करायला हवी. शिवाय १.१२ ला चौतीस मिनिटं बोलून १.१९ ला परत फोन करता येत नाही. हिशोब जुळत नाही.

मग राहिला नाका. पण नाक्याला माझ्या झोपेच्या वेळा तीन वर्षं कशाला हव्यात?

वही होती तशी ठेवली. वर एक मिरचीचं बी ठेवलं, हलवली तर कळेल.

१३ सप्टेंबर

बी पडलेलं होतं.

दिवसभर अंगणात मिरच्या भाजल्या, चटणीसाठी. तो भाजतो, मी सोलते, दोघांच्या डोळ्यांतून पाणी. शेवटी तोच म्हणाला, "दोनका, दिवसा टीव्ही बघताना लाव की मास्क. सवय होईल. डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना?"

"तुला कधी सांगितलं?"

"तुझ्या कागदावर लिहिलंय."

माझे कागद वाचतो.

तरी लावला, त्याच्यासमोर हरायला नको म्हणून. बातम्या चालू ठेवल्या, तोंड मिटून बसले. पहिली दहा मिनिटं तोच दाराशी झगडा. मग पूरस्थितीची बातमी लागली, मी तिकडे बघत राहिले आणि ढकलायचं विसरले. श्वास आपोआप बाहेर गेला, लांब, सावकाश, वाऱ्याच्या बाजूने वाट काढून. लक्षात आल्याबरोबर परत घाबरले. पण ते विसरणं दोनदा-तीनदा जमलं. चाळीस मिनिटं.

खिडकीबाहेर मेतोदी चिमटा हातात घेऊन उभा होता. मिरच्या करपत होत्या.

१५ सप्टेंबर

पुरे झालं. कपाटावर, उशांच्या खोळींच्या मागे फोन उभा करून ठेवलाय. झोपायच्या आधी चित्रण सुरू करीन. पडद्यावर मी ट्रकच्या दुहेरी तळातले सिगारेटचे खोके ओळखलेत. स्वतःच्या खोलीतला माणूस ओळखता येणार नाही?

१६ सप्टेंबर

आज कामावर गेले नाही. बरं नाही म्हणून कळवलं.

सकाळी तो बाजारात गेल्यावर दार लावून बघितलं. फोन पहाटे चार दहाला बंद पडलाय, तोवरचं सगळं आहे. दिवा लहान होता, पण दिसतं.

बारा चाळीसला मीच उठून बसते. डोळे मिटलेले. दोन्ही हातांनी मास्क ओढते, पट्टा कानात अडकतो, मी काहीतरी ओरडते आणि मास्क जमिनीवर फेकते. मग आडवी होते आणि घोरायला लागते. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

थोड्या वेळाने मेतोदी येतो, मोजे घालून, पायांचा आवाज नको म्हणून. मास्क उचलतो. सदऱ्याच्या टोकाने पुसतो. वाकून माझ्या तोंडाशी नेतो. मी झोपेतच त्याच्या हातावर फटका मारते. तो थोडं थांबून परत नेतो. मी परत मारते. मग तो नळी गुंडाळतो, पट्ट्यांची घडी घालतो, सगळं तिवईवर ठेवतो आणि स्टुलावर बसतो. रेल्वेचं जुनं घड्याळ हातात. वही मांडीवर.

घोरणं चालू आहे. मग एकदम बंद. मला वाटलं फोनचा आवाज गेला. पण बाहेर कुत्रं भुंकलेलं ऐकू येतंय. छाती वर येत नाही, खाली जात नाही. मेतोदी घड्याळाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. पुढे सरकतो. मी सुद्धा फोन हातात घेऊन इथे श्वास रोखून बसले होते आणि मला तो सोडावा लागला, फोनमधल्या तिला नाही. बावन्न सेकंद. मग तो खांद्याला धरून हलवतो, मी बैलासारखी हुंकारून श्वास घेते, कुशीवर वळते. तो वहीत लिहितो.

सहा मिनिटांनी परत.

साडेतीनला त्याची मान खाली पडली. दचकून जागा झाला आणि स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. जोरात. चेहऱ्यावर दिसलं.

तो स्टुलावर बसल्यापासूनचं सगळं मी पाहिलं. तीन तास वीस मिनिटं. एकदाही पुढे ढकललं नाही.

बाजारातून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी द्राक्षं आणली होती. "बरं नाही?" म्हणाला. "डोकं दुखतंय," मी म्हटलं.

१७ सप्टेंबर

एकच प्रश्न डोक्यात. मग मला सांगितलं का नाही? चोरून का?

मागच्या दोन वर्षांच्या डायऱ्या काढून बघितल्या.

मागच्या वर्षीचं १९ जानेवारी: "मेतोदी म्हणतो मी झोपेत श्वास घ्यायची थांबते. अजून तेच खूळ. पलंग एकट्याला हवा असेल."

७ मार्च: "परत तेच. डॉक्टर, डॉक्टर. मी म्हातारी झाले असं सिद्ध करायचंय याला."

त्याच्या आधीच्या वर्षी, इस्टरच्या दुसऱ्या दिवशी: "मेतोदी रडला. म्हणाला तू मरशील एक दिवस आणि मी बघत बसेन. नाटकी माणूस. रात्री जास्त झाली असणार."

अक्षर माझंच आहे.

२१ सप्टेंबर

तीन दिवसांपूर्वी डॉक्टरबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं, फेकाफेकीसकट. त्यांना नवल वाटलं नाही. "पहिल्या महिन्यात पुष्कळ जण झोपेत काढून टाकतात. मास्क लहान पडत असेल. पट्टे किती आवळता?"

"कंटेनरसारखे."

"सैल करा. आणि एक माप मोठा पाठवते. झोपायच्या आधी नाक मिठाच्या पाण्याने धुवा. बाहेर श्वास सोडताना घाई करू नका, यंत्र वाट बघतं."

मोठा मास्क काल आला. गालांवरचे वळ गेले. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर एक तास लावून बसते. मेतोदी म्हणतो मी हत्तीणीसारखी दिसते. "हत्तीण काही विसरत नाही," मी मास्कमधून म्हटलं. त्याला कळलं नाही काय म्हटलं ते. बरंच झालं.

काल तीन तास दहा. आज चार तास पाच मिनिटं.

फोनबद्दल त्याला सांगितलेलं नाही. वहीबद्दलही नाही. शब्द जुळत नाहीत.

२८ सप्टेंबर

सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बराच वेळ कळेना. मग कळलं, डोकं दुखत नव्हतं. वर्षानुवर्षं सकाळचं डोकं दुखतं, मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं.

सहा तास चाळीस मिनिटं. मास्क तोंडावरच होता. मेतोदी स्टुलावर बसल्या बसल्या, भिंतीला डोकं टेकून झोपला होता. मी जागी झालेय हे त्याला कळू दिलं नाही.

२ ऑक्टोबर

प्लोव्दिव. डॉक्टरबाईंनी पडद्यावर रेषा दाखवल्या. तासाला तीन. पत्र दिलं, गाडीची परवानगी दिली. मी विचारलं, "हा तीनचा आकडा नक्की खरा ना?" त्या हसल्या. मी हसायला विचारलं नव्हतं.

३ ऑक्टोबर

सकाळी पत्र गेनचेव साहेबांच्या टेबलावर ठेवलं. वाचून म्हणाले, "सोमवारपासून पडद्यावर बस."

"मग सेव्दाला वाईट वाटेल. भाची ना ती तुमची?"

"सेव्दा? तिचा बाप कर्जालीत गवंडी आहे. माझी कोणी नाही ती." मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "दोनका, तुला खरंच माहीत नाही? मेतोदी आला होता इथे. इथेच, टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, साहेब, माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तिला हुकूम द्या. मी आलो होतो हे सांगू नका."

"कधी?"

"ती गाडीची गोष्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी. तुम्ही हर्मानलीहून परत येत होता, त्याच्या बहिणीकडून. समोरून ट्रक आला आणि त्याने स्टिअरिंग ओढलं म्हणून वाचलात."

"कुत्रा आडवा आला होता," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा परत चढवला आणि पत्र फायलीत घातलं.

घरी येऊन ऑगस्टचं पान काढलं. "कुत्रा आडवा आला, मी वाचवला." असं लिहिलंय. मी आज दुपारभर तो कुत्रा आठवायचा प्रयत्न केला. काळा की तांबडा. कुत्रा नव्हता. रस्त्याच्या कडेचं गवत काचेला लागलेलं होतं आणि मेतोदीचा हात माझ्या हातांवर होता, एवढंच आठवतं.

इथे गप्प बसायला हवं होतं मला. पण सव्वीस वर्षांची सवय. संध्याकाळी तो सूप वाढत होता तेव्हा म्हटलं, "माझी चुगली तू केलीस तर."

पळी पातेल्यात ठेवली त्याने. "हो."

"माझ्या साहेबापाशी. माझ्या पाठीमागे."

"तुझ्या तोंडावर तीन वर्षं सांगितलं, दोनका. पाठच तेवढी राहिली होती."

मी दुसरंच काढलं. मी म्हटलं, मीही काही कच्ची नाही, पाण्याच्या पेटीला सील लावत होते, पातळी मोजत होते, कपाटावर फोन लावून तुला पकडलंय. हे सगळं मी जिंकल्यासारखं सांगितलं. का, ते देव जाणे.

तो खुर्चीवर बसला.

"पाण्याला सील?"

"हो."

"पाण्यात मी काय घालणार होतो, दोनका?"

मी सुपाची वाटी जवळ ओढली.

"नाही, सांग ना. काय वाटलं तुला? मी काय घालीन?"

ओरडला असता तर मला बोलता आलं असतं. तो खरंच विचारत होता. मग त्याने टोपी घेतली, कोट घेतला आणि सातच्या बसने बहिणीकडे, नेदाकडे, हर्मानलीला गेला. सूप तसंच होतं.

४ ऑक्टोबर

पाणी मीच भरलं. ओट्यावर सांडलं.

साडेसहा तास झोपले. यंत्र खुश असेल.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. नेदाने उचलला तो तोफ डागतच. "काय केलंस गं माझ्या भावाचं? काल आल्यापासून झोपलाय. जेवायला उठवलं, दोन घास खाल्ले, परत आडवा. दुपारी डॉक्टर बोलावणार होते मी. आजारी आहे का?"

"नाही. झोप राहिलीय त्याची."

"किती राहिलीय?"

"तीन वर्षं."

"तुमचं काही खरं नाही," म्हणाली आणि फोन आपटला.

५ ऑक्टोबर

सकाळी नऊला गाडी काढली. सव्वा महिन्याने. डोळे उघडे होते, अगदी लहान पोरीचे असतात तसे. मारित्सा नदीच्या पुलावर धुकं होतं तरी रस्त्यावरचा प्रत्येक दगड दिसत होता. हर्मानलीपर्यंत एकही कुत्रा आडवा आला नाही.

मेतोदी नेदाच्या अंगणात सफरचंदं गोळा करत होता. दाढी वाढलेली, तोंड मात्र गुबगुबीत झालेलं, दोन दिवसांत दहा वर्षं कमी.

वाटेत एक लांबलचक भाषण तयार केलं होतं. त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "काहीच घातलं नसतंस तू पाण्यात."

तो सफरचंद पुसत राहिला.

"माझं डोकं तसं आहे, मेतोदी. माझ्याच्याने ते एका महिन्यात बदलणार नाही. आता घरी येतोस का?"

"बस दुपारी आहे."

"मी गाडी घेऊन आलेय."

त्याने गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. नेदा पायरीवरून ओरडली, "अरे, बस दुपारी आहे ना? जेवून जा!" तिला ऑगस्टमधलं गाडीचं माहीत असणार. त्याने सफरचंदांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि पुढचं दार उघडलं.

पूर्वी मी चालवत असले की त्याचा एक हात दाराच्या कडीवर आणि दुसरा हॅन्डब्रेकजवळ असायचा, डोळे रस्त्यावर. मला राग यायचा. आज मी गावाबाहेर पडल्यावर बोलायला सुरुवात केली. वहीचं सांगितलं, जुन्या डायऱ्यांचं सांगितलं, इस्टरला तो रडला होता त्याबद्दलही बोलले, जे बोलायला मला सगळ्यात जड गेलं. उत्तर येईना. रागावलाय अजून, असं वाटलं. माझ्याशी न बोलण्याची ही नवी तऱ्हा असेल.

पेट्रोल पंपाजवळ वळून बघितलं तर तो झोपला होता. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, तोंड किंचित उघडं.

एवढं महत्त्वाचं बोलत होते मी, आणि हा झोपला. कुठून ऐकलं आणि कुठून नाही, कोण जाणे. सगळं परत सांगावं लागणार.

पुढे रस्ता उखडलेला आहे. मी गाडी तिसऱ्या गिअरवर आणली आणि खड्डे चुकवत घरापर्यंत आले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.